डीफोचें लंडन आणि साथींतलें मन

डॅनिएल डीफो याच्या ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ या पुस्तकाला इंग्रजी वाङ्मयाचे इतिहासकार मोठा मान देतात, आणि मान देऊन झाल्यावर त्याचे दोषहि तितक्याच तत्परतेनें सांगतात. पुस्तकाला कथानक नाहीं, प्रकरणें नाहींत. तीच गोष्ट तीन-तीन वेळां येते. एखादी हकीकत ‘पुढें सांगूं’ म्हणून सोडली जाते आणि पुष्कळ पानांनंतर भलत्याच ठिकाणीं उगवते. आणि मधून मधून मृतांच्या आंकड्यांचे तक्ते असे येतात कीं, आपण कादंबरी वाचीत आहों कीं एखाद्या नगरपालिकेचा अहवाल, असा वाचकाला संशय यावा. वीस-बावीस वर्षें आम्ही स्वतः बी. ए. च्या वर्गांत हेच दोष सांगत आलों. मुलें ते लिहून घेत, परीक्षेंत उतरवीत, आणि आम्ही त्यांना गुण देत असूं. आमचें तें मत या लेखांत आम्हांला मागें घ्यावयाचें आहे.

मागें घेण्याचें निमित्त एका विद्यार्थिनीचा प्रश्न. एप्रिल २०२१ चा महिना होता. महाविद्यालयाच्या दारांना कुलपें होतीं, आणि आम्ही घरीं बैठकीच्या खोलींत संगणकासमोर बसून, न दिसणाऱ्या मुलांना डीफो शिकवीत होतों. पुस्तक नेमलेलेंच होतें. साथ पाहून कोणीं निवडलेलें नव्हे. आंकड्यांचा एक तक्ता नेहमींच्या संवयीनें गाळून आम्ही पुढें जाऊं लागलों, तों एक मुलगी म्हणाली, “सर, हा माणूस सारखे आंकडे कां मोजतो? माझी आई रोज संध्याकाळीं मोजते. बाबा गेल्यापासून जास्तच मोजते.” तिचे वडील दहा दिवसांपूर्वीं गेले होते, हें आम्हांला तोंवर ठाऊक नव्हतें. आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें. काय दिलें तें आतां आठवत नाहीं, यावरूनच त्याची योग्यता कळावी.

ज्यांनीं हें पुस्तक पाहिलेलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. तें १७२२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत वर्णिलेली लंडनची साथ १६६५ ची. त्या वेळीं डीफो चार-पांच वर्षांचा असावा. अर्थात् ‘मी शहर न सोडतां सर्व पाहिलें’ असें सांगणारा खोगिरांचा व्यापारी एच्. एफ्. हा डीफो नव्हे. या गृहस्थाला आद्याक्षरांपलीकडे नांवहि नाहीं. १७२० सालीं फ्रान्सांतील मार्सेय बंदरांत प्लेग शिरला, इंग्लंड भेदरलें, आणि भीतीच्या त्या बाजारांत एका व्यवहारचतुर लेखकानें आपला माल आणला, असेंहि कोणी म्हणूं शकेल. पुष्कळांना तर ती खरोखरीचीच रोजनिशी वाटली. सर वॉल्टर स्कॉट यांचा अभिप्राय मात्र असा पडला कीं, डीफोनें ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिला नसता तरी एवढ्या एका ग्रंथावर तो अमर झाला असता.

आतां ते आंकडे. लंडनांत त्या काळीं दर आठवड्याला मृतांचीं पत्रकें छापून निघत. १६६५ च्या वार्षिक पत्रकांत एकंदर ९७,३०६ दफनांची नोंद आहे, आणि त्यांतील ६८,५९६ मृत्यु प्लेगच्या नांवावर मांडलेले आहेत. डीफोचा निवेदक हें मानीत नाहीं. प्लेगनें एक लक्ष तरी माणसें गेलीं असें तो म्हणतो, व कारणेंहि देतो: घराला कुलूप लागूं नये म्हणून कुटुंबें खरा रोग लपवीत, प्रेतें तपासणाऱ्या बायकांचे हात ओले करीत, आणि मोजणारेच पुष्कळदां मरून जात. ही तक्रार वाचतांना कोणाहि आधुनिक वाचकाला ५ मे २०२२ चा दिवस आठवावा. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीमुळें प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष झालेले अधिक मृत्यु सुमारें १ कोटी ४९ लक्ष असावेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेनें त्या दिवशीं जाहीर केला. तो निरनिराळ्या सरकारांनीं दिलेल्या बेरजेच्या अडीच पटींहून अधिक होता, आणि आपल्या सरकारनें त्याच्या पद्धतीवर हरकत घेतली.

परंतु आमचें लक्ष त्या जुन्या पत्रकांतल्या दुसऱ्याच ओळींकडे आहे. त्याच तक्त्यांत ‘दुःखानें’ ४६, ‘भीतीनें’ २३, ‘भ्रमिष्ट होऊन’ ५, आणि ‘फांस घेऊन वा अन्य रीतीनें आपला जीव घेतलेले’ ७, अशाहि नोंदी आहेत. हें वैद्यक हास्यास्पद आहे, हें आम्ही कबूल करतों. ज्या पत्रकांत ‘दांत आणि जंत’ हें २,६१४ मृत्यूंचें कारण म्हणून दिलेलें आहे, त्यावर शास्त्र म्हणून कोण भरंवसा ठेवील? तरीसुद्धां मनाला लागलेल्या घावानें माणूस मरतो, आणि तें शहराच्या हिशेबांत मांडावयाचें असतें, हें त्या अडाणी कारकुनांना वाटलें. आमच्या काळीं दूरदर्शनवर रोज संध्याकाळीं जो तक्ता येई, त्यांत बाधित, बरे झालेले आणि मृत अशीं तीन सदरें असत. चौथें नव्हतें. डीफो त्या चौथ्या सदराचा लेखक आहे, असें आम्ही आतां समजतों.

साथींतील मनोव्यथा डीफोनें प्रथम पाहिली असें मात्र नाहीं. ख्रिस्तपूर्व ४३० मध्यें अथेन्स नगरांत आलेल्या साथीचा इतिहास थ्यूसिडिडीस यानें लिहिला. तो स्वतः त्या रोगानें आजारी पडून उठलेला होता. रोगाचीं शरीरावरील लक्षणें एखाद्या वैद्याप्रमाणें सांगून झाल्यावर तो म्हणतो कीं, या सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे निराशा. आपल्याला रोग लागला असें कळतांच माणसें हातपाय गाळून बसत. हें त्यानें थोडक्या शब्दांत सांगितलें आहे, आणि इतिहासकाराला तेवढें पुरे. डीफोला त्या निराशेच्या पोटांत शिरावयाचें आहे.

तो शिरतो कसा, हें पाहण्यासाठीं पुनरुक्तीचाच दोष घेऊं. एच्. एफ्. ज्या गोष्टींकडे पुनः पुनः वळतो त्या कोणत्या? मी लंडन सोडावयास हवें होतें काय? घरें बंद करणें योग्य होतें काय? धडधाकट दिसणारा शेजारीच रोग पसरवीत असेल, तर उभें राहावें तरी कोणाजवळ? पत्रकांतले आंकडे खरे काय? ज्यांचा निकाल त्याच्या मनांत लागलेला नाहीं, नेमके तेच प्रश्न परत येतात. घरें बंद करण्याला एका पानावर तो निरुपयोगी क्रौर्य म्हणतो, तर दुसऱ्या पानावर सार्वजनिक हितासाठीं खासगी दुःख सोसावें लागतें असेंहि म्हणून जातो. वर्गांत आम्ही याला विचारांचा गोंधळ म्हणत असूं. परंतु २०२० च्या टाळेबंदींत आम्हीं स्वतः याहून निराळें काय केलें? भाजी धुवावी कीं न धुवावी, वृत्तपत्र घरांत घ्यावें कीं न घ्यावें, गांवाकडच्या आईला भेटावयास जाणें हें प्रेम कीं पाप, या प्रश्नांभोंवतीं आमचें सुशिक्षित मन घाण्याच्या बैलासारखें फिरत होतें. पुढें काय होणार याची कांहीं तरी कल्पना असल्याशिवाय कथानक रचतां येत नाहीं. आणि साथींत सांपडलेल्या माणसाजवळ नेमकी तेवढीच वस्तु नसते. मग त्यानें मोजावें हें स्वाभाविकच नव्हे काय?

डीफो घाईनें लिहिणारा होता, पुनरुक्ति त्याच्या इतर पुस्तकांतहि आहे, तेव्हां तुम्ही त्याच्या आळसाला कला ठरवितां, असा आक्षेप कोणी घेतील. तो अगदींच खोटा नाहीं. तथापि आक्षेपकांनीं क्रूसोकडे पाहावें. बेटावर एकटा पडलेला तो खलाशीहि खांबावर खुणा कोरून दिवस मोजूं लागतो, आणि आपल्या स्थितींतील बरेंवाईट जमाखर्चाच्या वहीसारखें दोन रकान्यांत मांडतो. एकाकी मन आंकड्यांचा आधार घेतें, ही गोष्ट डीफोला १७१९ सालींच ठाऊक होती. प्लेगच्या पुस्तकांत त्यानें तें बेट भर शहरांत आणून ठेवलें एवढेंच.

शहराच्या सामुदायिक मनाचें चित्र तर त्यानें अप्रतिम काढलें आहे. साथ वाढण्यापूर्वींच धूमकेतु दिसतो, आणि जोतिषी, स्वप्नें सांगणारे व ताईत विकणारे यांचें पीक येतें. एक बाई आकाशांतल्या ढगांत हातीं तरवार घेतलेला देवदूत लोकांना दाखविते. जमलेल्यांपैकीं कोणाला त्याचें तोंड दिसतें, कोणाला तरवार. आमच्या निवेदकाला कांहींच दिसत नाहीं, आणि तसें तो बोलून दाखवितो तेव्हां ती बाई त्याच्यावरच उलटते. सॉलोमन ईगल नांवाचा एक उन्मत्त डोक्यावर जळत्या निखाऱ्यांचें पात्र घेऊन नागवा रस्त्यांतून ओरडत हिंडतो. हीं चित्रें विनोदी होऊं शकलीं असतीं. डीफोनें तीं होऊं दिलीं नाहींत. एच्. एफ्. त्या भोळ्या लोकांना हंसत नाहीं. त्याला राग येतो तो भीतीचा व्यापार करणाऱ्यांचा. इटालियन कादंबरीकार मान्झोनी यानें १६३० सालच्या मिलान शहरांतील प्लेगचें वर्णन करतांना हीच भीति पुढच्या पायरीवर दाखविली आहे. भिंतींना विषारी मलम फांसून कोणी तरी रोग पसरवीत आहे, अशी आवई तेथें उठली, आणि आरोग्यखात्याचा एक कामगार व एक न्हावी यांना न्यायाधीशांनीं हालहाल करून ठार मारविलें. लंडनांत गोष्ट त्या थराला गेली नाहीं. ती कां गेली नाहीं याचें उत्तर डीफोच्याच पुस्तकांत आहे. तें पुढें येईल.

(सर्वच मनें साथींत खचतात असें मात्र नाहीं, हेंहि सांगून टाकावें. सॅम्युअल पेप्स या आरमारी अधिकाऱ्यानें १६६५ च्या अखेरच्या दिवशीं आपल्या खासगी रोजनिशींत नोंद केली आहे कीं, प्लेगच्या या दिवसांइतक्या मजेंत आपण कधींच राहिलों नव्हतों. त्या वर्षीं त्याची संपत्ति वाढली होती. अशीं माणसें आम्हींहि २०२० मध्यें पाहिलीं.)

घरें बंद करण्याचा विषय आम्हांला या पुस्तकाचा गाभा वाटतो. घरांत एकाला रोग झाला कीं आजारी व निरोगी अशा सर्वांना आंत ठेवून बाहेरून कुलूप, दारावर फूटभर लांबीचा तांबडा क्रूस, त्यावर देवाची करुणा भाकणारे शब्द, रात्रंदिवस पहारा. परिणाम काय झाला? माणसें पहारेकऱ्यांना फसवून पळालीं, मागच्या भिंती फोडून पळालीं. एका पहारेकऱ्याला तर बंदुकीच्या दारूनें भाजून काढलें. एच्. एफ्. ला घरें तपासण्याच्या कामावर नेमतात तेव्हां तो कसाबसा तीन आठवडे तें करून आपल्या जागीं दुसरा माणूस देतो व सुटतो. लोक प्लेगला भीत होते, पण त्या कुलपाला त्याहून अधिक भीत, हें त्यानें पाहिलें होतें.

येथें मराठी वाचकाला लंडन आठवत नाहीं, पुणें आठवतें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला, आणि त्या वसंतांत वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हुकमतीखालीं गोरे शिपाई पुण्याच्या पेठांतून घरोघर शिरले. रोग्याला इस्पितळांत आणि त्याच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणींत नेऊं लागले. देवघर पाहिलें नाहीं कीं स्वयंपाकघर. २२ जूनच्या रात्रीं चापेकर बंधूंच्या गोळीनें त्याचा शेवट कसा केला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यांत शहराच्या मनाची अवस्था अशी होती कीं, ऐकीव आणि घडलेलें यांतला फरक करणें शहाण्यांनाहि कठीण झालें. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याइतका तोलून बोलणारा मनुष्य दुसरा दाखवितां येणार नाहीं. त्यांनीं इंग्लंडांत असतां पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें शिपायांवर गंभीर आरोप केले, आणि परत आल्यावर पुरावा पुढें करतां येईना म्हणून जाहीर माफी मागितली. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्यें आपल्या राज्यानें पुन्हां हातीं घेतला. शिपायांचें वागणें या वेळीं निराळें होतें, हें खरें. पण दारावर लावलेली ‘येथें रुग्ण आहे’ ही पाटी शेजाऱ्यांच्या नजरेंत काय करते, हें ज्यांच्या दारावर ती लागली त्यांनीं सांगावें. आमच्या आजीला लहानपणीं प्लेगमुळें गांवाबाहेर झोपड्यांत राहिल्याचें आठवे. रोगाविषयीं ती फारसें बोलत नसे. परंतु ज्या एका बाईला त्या झोपड्यांत कोणीं जवळ बसूं दिलें नाहीं, तिचें नांव ती शेवटपर्यंत विसरली नाहीं.

मघां राखून ठेवलेलें उत्तर आतां देतों. राजा दरबारासह लंडन सोडून गेला; परंतु नगराधिपति सर जॉन लॉरेन्स आणि त्याचे सहकारी यांनीं आपण शहर सोडणार नाहीं असें जाहीर केलें व तें पाळलें. डीफोनें ही गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगितली आहे. नगराधिपतीनें गाऱ्हाणीं ऐकण्यासाठीं आपल्या दिवाणखान्यांत एक ठेंगणा सज्जा बांधून घेतला होता; गर्दीपासून थोडें दूर उभें राहून तो सर्वांचें ऐकून घेई. पाव मिळत राहिला व त्याचा भाव फारसा चढला नाहीं. प्रेतें रात्रीं उचललीं जात, दिवसा रस्त्यांत दिसूं दिलीं जात नसत. यांतलें एकहि औषध प्लेगवर नव्हतें. तीं सर्व मनावरचीं होतीं. मानसिक आरोग्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वैद्य, गोळी अथवा समुपदेशन येतें, आणि त्यांची गरज आहेच. पण घाबरलेल्या शहराला अगोदर पाव हवा असतो, आणि आपलें ऐकणारा माणूस पळून गेलेला नाहीं एवढें दिसावयास हवें असतें. टेम्सच्या कांठीं भेटलेल्या रॉबर्ट नावाड्याची हकीकत याच जातीची आहे. त्याची बायकामुलें घरांत अडकलेलीं; हा होडींत निजतो, मिळवलेले पैसे व जिन्नस एका दगडावर ठेवतो, हाक मारतो आणि दूर जाऊन उभा राहतो. ती येऊन उचलून नेते. पुस्तकभर कोरड्या डोळ्यांनीं मोजणारा आमचा व्यापारी येथें रडतो.

यापुढें आमची तक्रार आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत नसणारी आहे. ऑल्डगेटच्या खड्ड्यांत दोन आठवड्यांत १,११४ प्रेतें टाकलीं गेलीं. एका रात्रीं एच्. एफ्. तेथें जातो तेव्हां अंगरख्यांत तोंड लपवून एक मनुष्य येरझारा घालतांना दिसतो. गाडींत त्याची बायको आणि मुलें आहेत. तीं नीट उतरवून ठेवतील असें त्याला वाटलें असावें. गाडी उपडी होऊन सर्व प्रेतें एकांवर एक खड्ड्यांत पडतात तेव्हां तो मोठ्यानें हंबरडा फोडून मूर्च्छित पडतो. लोक त्याला जवळच्या खानावळींत नेतात. तेथें रोज पिणारे टवाळ त्याच्या दुःखाची थट्टा करतात. एच्. एफ्. त्या टवाळांशीं कित्येक पानें वाद घालतो आणि मनुष्य आपल्या नजरेआड होतो. त्याचें पुढें काय झालें? दुसऱ्या एका पानावर, घरचीं सर्व माणसें गमावल्यामुळें ज्याची मान हळूहळू खांद्यांत रुतत गेली असा एक गृहस्थ आहे. वर्षभर तसाच झुरून तो मेला, एवढें डीफो सांगतो. साथ संपल्यानंतरचें मन त्याच्या पुस्तकांत येतें तें असें एखादेंच, ओझरतें. साप्ताहिक आंकडा उतरतो, खिडक्या उघडतात, लोक रस्त्याच्या या बाजूनें त्या बाजूला ओरडून बातमी सांगतात, देवाचे आभार मानतात, आणि पुस्तक आटोपतें. साथ संपली म्हणजे दुःखहि संपलें, असा हिशेब एरवीं इतक्या काटेकोर माणसानें कसा केला?

साथीच्या पहिल्या वर्षांत जगांत चिंता व खिन्नता यांचे विकार सुमारें २५ टक्क्यांनीं वाढले, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ च्या मार्चमध्यें सांगितलें. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला आपल्या देशांत ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीवरून मानसिक साहाय्य देणारी सेवा सुरू झाली. तोंवर दुसरी लाट जाऊन सव्वा वर्षाहून अधिक काळ लोटला होता. ती विद्यार्थिनी पदवी घेऊन बाहेर पडली. निरोप घ्यावयास आली तेव्हां, तिच्या आईचें मोजणें थांबलें काय, हें विचारावयाचें आमच्या ओंठांवर आलें होतें. आम्हीं विचारलें नाहीं. एच्. एफ्. ला दोष देणाऱ्यानें हेंहि लिहून ठेवावें, म्हणून लिहितों.

आणि एच्. एफ्. च्या विषयींहि एक गोष्ट सांगावयाची राहिली. हा अविवाहित, हिशेबी गृहस्थ. त्याचें स्वतःचें कोणीहि या साथींत गेल्याचें तो सांगत नाहीं, म्हणून आम्ही त्याला वर्गांत दगड म्हणत असूं. पुस्तकाच्या आरंभीं, लिंकनशायरांत राहणारी एकुलती बहीण त्याला ठेवून घ्यावयास तयार आहे, असा एक उल्लेख येतो. तो जात नाहीं. पुढें पुष्कळ पानांनंतर शहरांतल्या नव्या दफनभूमींची एक रुक्ष यादी आहे. तींत मूरफील्ड्सची एक जागा आहे, ओल्ड बेथ्लेम या रस्त्याच्या तोंडाशीं. बेथ्लेम म्हणजे वेड्यांचें जुनें इस्पितळ. साथीच्या वेळीं तें तेथेंच होतें. २०१५ सालीं रेल्वेच्या कामासाठीं तेथलीच जुनी दफनभूमि खणली तेव्हां हजारों सांगाडे निघाले, आणि पुढच्या वर्षीं त्यांतील कांहींच्या दांतांत प्लेगच्या जंतूंच्या खुणा सांपडल्या. डीफोच्या यादींत या जागेखालीं एक छोटी टीप आहे: या रोजनिशीचा कर्ता त्याच्याच इच्छेवरून येथें पुरलेला आहे, कारण त्याची बहीण कांहीं वर्षें आधीं येथेंच पुरली होती. ती लंडनला केव्हां आली, कशानें गेली, आणि त्याला तिच्याजवळचीच जागा कां हवी होती, हें डीफो सांगत नाहीं. पुढच्या ओळीला स्टेप्नीच्या दफनभूमीची हकीकत सुरू होते.